एक चालक, पाच क्लीनर

पहिली गाडी दारात येते त्याच्या कितीतरी आधी ती घरातल्या बोलण्यात येऊन बसते. आमच्याकडे "गाडी घेऊ तेव्हा बघू" हे वाक्य मी लग्न होऊन साताऱ्याला आले त्याच्याही आधीपासून चालू होतं. नानांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, अंगणात तुळशीवृंदावन बांधून घेताना गवंड्याला सांगितलं होतं, "दोन फूट भिंतीकडं सरकव. उद्या गाडी आली तर वळवायला जागा नको का?" तेव्हा घरात वाहन म्हणून एक सायकल होती आणि तिचीही चेन पडायची. तुळस बिचारी बरीच वर्षं न आलेल्या गाडीला वाट करून देत भिंतीच्या सावलीत वाढली.

कुठली गाडी घ्यायची, हा प्रश्न मात्र कधी पडला नाही. ज्यांचं तरुणपण साठ-सत्तरच्या दशकात गेलं त्यांना देशी मोटारींची नावं मोजायला एका हाताची बोटं पुरत. बंगालात उत्तरपाड्याला बनणारी अॅम्बॅसिडर, मद्रासची स्टँडर्ड आणि मुंबईत कुर्ल्याला बनणारी फियाट. अॅम्बॅसिडर कलेक्टरची नि आमदाराची, फियाट डॉक्टर-वकिलांची, ही वाटणी कुणी करून दिली होती कोण जाणे, पण सगळे ती पाळत. नाना फियाटच्या बाजूचे होते आणि त्याचं कारण इंजिनात नव्हतं. ही गाडी बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली वालचंद हिराचंदांनी काढली, आणि वालचंद सोलापूरचे. नानांचं आजोळ सोलापूर. तेवढ्या धाग्यावर नाना त्या कंपनीला "आपला कारखाना" म्हणत. या माणसानं जहाजं चालवली, बंगलोरला विमानांचा कारखाना उभा केला, मग मोटारी काढल्या, हे सांगताना त्यांचा आवाज असा काही घरगुती व्हायचा की ऐकणाऱ्याला वाटावं, वालचंदशेठ अधूनमधून सल्ला घ्यायला आजोळी डोकावत असणार.

गाडीची वंशावळही त्यांना तोंडपाठ. आधी पन्नासच्या दशकातली ती फुगीर नाकाडाची, जिला उभा महाराष्ट्र डुक्कर फियाट म्हणायचा. मग १९६४ ची चौकोनी अंगाची डिलाइट. पुढे १९७४ च्या सुमारास त्याच गाडीचं चितोडच्या राणीवरून पद्मिनी असं बारसं झालं. इंजिन १०८९ सीसीचं, तेच. "नाव बदललं म्हणून कुळ बदलत नाही," असं नाना म्हणत आणि शेवटपर्यंत तिला फियाटच म्हणत. आम्हीही म्हणायचो. सातारा शहरात मला पद्मिनीला पद्मिनी म्हणणारा एकच माणूस भेटला, तो विमा उतरवणारा.

नवी फियाट घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं, आणि तेवढे पैसे एकदम दिसणारं आमचं घर नव्हतं. मग १४ डिसेंबर १९८३ ला दिल्लीत इंदिरा गांधींनी हरपाल सिंग नावाच्या गृहस्थांच्या हातात पहिल्या मारुतीची किल्ली ठेवली. सत्तेचाळीस-साडेसत्तेचाळीस हजारांत मोटार! सगळा मध्यमवर्ग तिकडे वळला. नव्वदच्या आसपास तर पुण्या-मुंबईच्या लोकांना फियाट जुनाट वाटायला लागली आणि त्या विकायला निघाल्या. एकाची हौस फिटली की दुसऱ्याची सुरू होते, सेकंडहँड बाजार त्यावरच चालतो. आमची सुरू झाली १९९१ साली. ह्यांना बँकेतून वाहनासाठी स्टाफ लोन मिळालं आणि पुण्याच्या एका डॉक्टरांची फियाट विकायची आहे असं कळलं.

"डॉक्टरांची आहे, एका हातची आहे" ही दोन वाक्यं जुन्या गाडीच्या बाबतीत कुंडलीतल्या छत्तीस गुणांच्या जागी असतात. तरी खात्री करायला आमचे मिस्त्री बरोबर आले. साताऱ्याहून एसटीनं आम्ही चौघं गेलो. मिस्त्री वाटेत अखंड बोलत होते, पण गाडी दिसली आणि ते गप्प झाले. आधी बोटांच्या सांध्यांनी चारी मडगार्ड वाजवून पाहिले. पत्रा कुठे खणखणतो आणि कुठे बद्द बोलतो, म्हणजे आत कुठे लांबी भरलीय, ते त्यांना ऐकायचं होतं. मग सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवून काळं बोट उन्हात धरून बघितलं. कोरडी काजळी चालेल, तेलकट नको. शेवटी इंजिन चालू करायला लावून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्याच्यावर टेकवलं आणि मूठ स्वतःच्या कानाला लावली. डॉक्टर हे सगळं जरा अवघडून बघत होते. त्यांचंच काम त्यांच्यासमोर दुसरा कुणी करत होता. मिस्त्रींनी कान काढला आणि म्हणाले, "छाती साफ आहे."

एकोणतीस आणि तीस नंबरच्या फॉर्मांवर सह्या झाल्या. हे दोन फॉर्म ज्याला माहीत आहेत त्यानं आयुष्यात एकदा तरी जुनी गाडी घेतलेली असते. रंगावर थोडा वाद झाला. डॉक्टर म्हणाले क्रीम, नाना म्हणाले बदामी, आरसी बुकात तिसरंच काहीतरी लिहिलेलं. सासूबाईंनी गाडी पाहिल्यावर "सायीचा रंग आहे" म्हणून वाद मिटवला. त्यांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फोडला आणि चारी चाकांखाली लिंबं ठेवायला लावली. चारांतलं एक गाडी पुढं जाताना न फुटता सटकन उडालं आणि शेजारच्या ओसरीत गेलं. त्यावर शेजारच्या काकूंनी आठवडाभर शकुन-अपशकुनाची चर्चा पुरवून खाल्ली. लिंबाचं सरबत मात्र त्याच दिवशी केलं.

गाडी आल्यावर आठ-पंधरा दिवसांत एक गोष्ट लक्षात आली. ही गाडी एकट्या माणसानं चालवायची नव्हती.

यात तिचा दोष होता असं मी म्हणणार नाही. ती आमच्याकडे आली तेव्हाच तिचं अर्धं आयुष्य पुण्याच्या पेशंटांच्या दारात गेलं होतं. अशा वयात माणसालाही पाणी आणून द्यायला, चष्मा शोधून द्यायला कुणीतरी लागतंच. ट्रकवर ड्रायव्हरबरोबर क्लीनर असतो. आमच्या गाडीवर हे ड्रायव्हर आणि घरातले उरलेले पाचजण क्लीनर. कुणी कुणाला नेमलं नाही. ज्याला जे जमलं ते त्याच्याकडे गेलं आणि मग त्याचंच होऊन बसलं.

थंडीतली सकाळ घ्या. चोक किती ओढायचा हे ह्यांच्या हाताला कळे, पण केव्हा आत ढकलायचा हे ठरवायचे नाना, बाहेर धुराकडे बघत उभे राहून. धूर काळा असेपर्यंत ते हात वर धरून थांबायला सांगत. निळसर-पांढरा पडला की हात खाली. मध्येच चोक ढकलला तर इंजिन बंद, आणि फार वेळ ओढून ठेवला तर प्लग ओले. प्लग ओले झाले की पुढचा कार्यक्रम धक्क्याचा. आमच्या गल्लीला उतार होता हे आमचं भाग्य. शेजारचे दोघं-तिघं बनियनवरच बाहेर येत, एकजण तर दात घासता घासता एका हातानं धक्का मारायचा. हे दुसऱ्या गिअरवर क्लच दाबून बसलेले, नाना "आता सोडा!" म्हणून ओरडायचे, गाडी एकदा गचकन हिसका देऊन चालू व्हायची आणि गल्लीत पेट्रोलचा वास नि टाळ्या एकदम उठायच्या. ज्यांनी धक्का दिला त्यांना पोवई नाक्यापर्यंत सोडायचं, हा अलिखित करार. परतताना ते कसे येत हे आम्ही विचारलं नाही.

सासूबाईंकडे वासाचं खातं होतं. इंजिनाचा काटा सांगायच्या आत त्या सांगायच्या. "काहीतरी करपतंय," असं मागच्या सीटवरून आलं की ह्यांनी निमूट गाडी बाजूला घ्यायची. क्लचप्लेट जळतेय, पाणी कमी झालंय की वायर तापलीय हे त्या सांगू शकत नसत, पण करपल्याच्या जाती त्यांना वेगवेगळ्या ओळखू येत. चाळीस वर्षं चुलीपुढं नि स्टोपुढं काढलेल्या नाकाला मोटार काय अवघड. डाव्या बाजूचा आरसा आमच्या गाडीला नव्हताच, ते काम धाकटी करायची. डाव्या खिडकीत बसून ती मान बाहेर न काढता मागचं सांगायची, "एसटी... एसटी जवळ आली... आली... गेली!" पुढच्या दाराच्या त्रिकोणी काचेचा मुलूखही तिचा. ती काच ठरावीक कोनात फिरवली की वाऱ्याचा झोत नेमका माणसाच्या तोंडावर यायचा. आम्ही तिला एसी म्हणायचो. तो झोत कुणाच्या तोंडावर सोडायचा हे धाकटीच्या मर्जीवर असल्यामुळे प्रवासात तिचा फार मान राखला जाई.

थोरल्याकडे दगड होता. हा दगड माहुलीच्या संगमावरून नानांनी स्वतः निवडून आणलेला. काळा, एका बाजूनं सपाट, एका बाजूनं उतरता. घाटात गाडी बंद पडली की नुसत्या हँडब्रेकवर विश्वास ठेवायचा नाही, असं नानांचं मत. गाडी थांबली रे थांबली की थोरला दार उघडून उडी मारायचा, डिकीतून दगड काढायचा आणि मागच्या चाकामागे उतरती बाजू लावून ओरडायचा, "लागला!" तो ओरडल्याशिवाय ह्यांनी ब्रेकवरचा पाय काढायचा नाही. एकदा एका पाहुण्यांनी "दगड वाटेत कुठेही मिळतो, डिकीत कशाला वागवता?" असं विचारलं. नाना त्यांच्याशी त्या दिवसापुरते बोलले नाहीत.

आणि माझ्याकडे ओलं फडकं. नानांच्या जुन्या पंच्याचा अर्धा तुकडा, प्लास्टिकच्या पिशवीत, बरोबर पाण्याची बाटली.

त्याचं काम खंबाटकीला. सातारा-पुणे रस्त्यावर तेव्हा बोगदा नव्हता, जाताना-येताना घाटच. मे महिना, पुण्याहून लग्न आटोपून परतायचं, दुपारी खंडाळा सोडून चढ सुरू झालेला, पुढे उसाचा ट्रक किंवा दम लागलेली एसटी. दुसऱ्या गिअरमध्ये मुंगीच्या गतीनं वर जायचं. अशा वेळी इंजिन तापतं, इंजिनाला चिकटून असलेला पेट्रोलपंप तापतो आणि आतलं पेट्रोल उकळून त्याची वाफ होते. पंपाला पातळ पेट्रोल पुढं ढकलायची सवय, वाफ त्याला ढकलता येत नाही. तो आपला पाय हलवत राहतो, पुढं काही जात नाही. कार्बोरेटर कोरडा पडतो. गाडी दोनदा खोकते आणि मधल्या वळणावर डोळे मिटते. टाकीत पेट्रोल असतं, बॅटरी ठणठणीत असते, बिघाड कुठेच नसतो आणि गाडी चालत नाही. त्या काळच्या कार्बोरेटरच्या कुठल्याही गाडीला उन्हाळ्यात हे व्हायचं. मिस्त्री याला "गॅस धरला" म्हणायचे. आमच्याकडे पोट दुखलं तरी हेच निदान व्हायचं, त्यामुळे सासूबाईंना ते लगेच पटलं.

"लागला!" असं मागून आलं की मी उतरायची. ह्यांनी बॉनेट उघडून धरलेलं. आतून भट्टीचा लोळ अंगावर. पंच्याचा तुकडा बाटलीतल्या पाण्यात भिजवायचा, पिळायचा नाही, नुसता निथळून द्यायचा आणि पंपाच्या डोक्यावर बसवायचा. चर्रर्र असा आवाज व्हायचा, वाफ यायची, फडकं बघता बघता कडेनं वाळायचं. पुन्हा भिजवायचं. तिसऱ्या-चौथ्या वेळेला चर्र थांबतं, फडकं पंपावर थंडपणे बसून राहतं. मग समजायचं की पोटातला गॅस उतरायला लागला. घाई करून उपयोग नाही. अननुभवी माणूस इथेच स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवतो. पाणी संपलं तर थोरला नि धाकटी कॅन घेऊन खामजाईच्या देवळाकडे जायची. सासूबाई देवीला नाणं वाहायला देऊन ठेवायच्याच.

या थांबण्यात जी मजा होती ती चालण्यात नव्हती, हे मी आज बिनधास्त सांगते. सासूबाई दशम्यांचा डबा काढायच्या, शेंगदाण्याची चटणी, कांदा बुक्कीनं फोडलेला. येणारा-जाणारा प्रत्येकजण थांबून सल्ला द्यायचा. एसटीच्या खिडकीतून लोक विचारायचे, "पंप का?" आणि आम्ही माना डोलवायचो. ट्रकवाला उतरून स्वतः बॉनेटमध्ये डोकावून जायचा आणि काहीही न करता "आता होईल" म्हणून आशीर्वाद द्यायचा. नाना कठड्यावर बसून ओळखी काढायचे. साताऱ्यापासून पुण्यापर्यंत नानांना न सापडलेला नातेवाईक उरला असेल असं मला वाटत नाही. आमच्या नणंदेचं स्थळ याच घाटात, एका तापलेल्या अॅम्बॅसिडरवाल्यांशी बोलता बोलता कळलं. त्यांचीही गाडी उभी होती म्हणून बोलणं सविस्तर झालं.

मी गाडी शिकले तीही याच गाडीवर. शिकवणारे ह्यांच्याऐवजी नाना, ज्यांना स्वतःला गाडी येत नव्हती. ह्यांनी शिकवलं असतं तर आमचा संसार टिकला नसता, हे दोघांनाही माहीत होतं. फियाटचा गिअर स्टिअरिंगखाली डाव्या हाताला. जमिनीत गिअर असलेल्या गाड्या ज्यांनी चालवल्या त्यांना तो आधी सापडतच नाही. मला दुसरं काही माहीतच नव्हतं, त्यामुळे मला तो पहिल्यापासून आपला वाटला. आजही नव्या गाडीत कधी डावा हात स्टिअरिंगखाली हवेत चाचपडतो. शेजारी बसलेली नात विचारते, "आजी, काय शोधतेस?"

अडचण वेगळीच होती. आमच्या गाडीची पुढची सीट म्हणजे एक अखंड बाक. सरकली तर सगळी सरकायची. हे पावणेसहा फूट, मी पाच फुटाला जरा कमी. मी चालवायला बसले की बाक पुढं ओढायला लागायचा, आणि शेजारी बसलेल्या नानांचे गुडघे डॅशबोर्डला टेकायचे. नाना उंच. गुडघे छातीशी घेऊन, हातात काठी धरून बसलेले सासरे आणि शेजारी पदर खोचून गाडी चालवणारी सून, असं आमचं वाहन राजवाड्यावरून पोवई नाक्याकडे निघालं की लोक दुकानातून बाहेर यायचे. नाक्यावरच्या पोलिसानं पहिल्या दिवशी चारी बाजूंची वाहतूक थांबवून आम्हाला वाट दिली. नानांना तो सन्मान वाटला. मला कारण वेगळं असावं अशी शंका होती, पण मी बोलले नाही. "सूनबाई, डावीकडं घे, डावीकडं जागा आहे," हे नानांचं एकच वाक्य. डावीकडे जागा असो नसो. त्यांच्या मते उजवीकडे जग होतं आणि डावीकडे सातारा.

गाडी आमची हे आरसी बुकात लिहिलेलं होतं. गल्लीला ते फारसं मान्य नव्हतं. नवरदेव आणायला आमची गाडी, बाळंतीण घरी आणायला आमची गाडी, दहावीचं केंद्र लांब आलं तर चार घरची चार पोरं आमच्या गाडीत दही-साखर खाऊन. गिअर वर असल्यामुळे पुढे तिघं बसत, मागे पाच, आणि लहान मुलं मोजायची पद्धत नव्हती. दसऱ्याला झेंडूच्या माळा गल्लीतून आपोआप यायच्या. एकदा आमच्या आधीच कुणीतरी पूजा करून गेलेलं आढळलं. सासूबाईंनी पुन्हा केली.

आता हे सगळं ऐकताना तरुण माणसं हसतात, विशेषतः आमच्या नव्या गाडीत बसून. ती गाडी चांगलीच आहे. तिला चोक नाही, तिचा पेट्रोलपंप टाकीच्या पोटात पेट्रोलमध्येच बुडालेला असतो त्यामुळे तो तापत नाही, मागून काय येतंय ते ती पडद्यावर दाखवते आणि चढावर स्वतःच ब्रेक धरून ठेवते. म्हणजे धाकटीचं काम कॅमेऱ्यानं घेतलं, थोरल्याचं कुठल्याशा बटणानं, माझं फडकं अभियंत्यांनी वाळवून टाकलं. सासूबाईंच्या नाकाला मात्र अजून पर्याय निघालेला नाही. परवा बॉनेट उघडून पाहिलं तर आत एक मोठं काळं झाकण. त्याच्याखाली काय आहे ते मला दाखवायची गाडीची इच्छा दिसली नाही. मी बॉनेट लावून टाकलं. बिघडली तर ती स्वतःच फोनवरून कळवेल असं विकणाऱ्या मुलानं सांगितलंय. घरातल्या सहा माणसांना मिळून जे कळत असे ते तिला एकटीला कळतं, आणि म्हणून प्रवासात सहाजण सहा खिडक्यांतून सहा फोन बघत असतात. खिडक्या चारच आहेत, पण समजून घ्या.

कुर्ल्याला पद्मिनी बनणं २००० च्या आसपास थांबलं. मुंबईत टॅक्सी म्हणून ती त्यानंतरही बराच काळ धावत राहिली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेवच्या आरटीओत नोंदवली गेली आणि टॅक्सीला वीस वर्षांचीच मुदत असल्यामुळे ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही रस्त्यावरून उतरली. तेव्हा वर्तमानपत्रांत काळ्या-पिवळ्या गाड्यांचे मोठमोठे फोटो आले. फोटोत बॉनेटला हात टेकून उभे असलेले टॅक्सीवाले बघून मला त्यांचा अचंबाच वाटला. आम्हाला साताऱ्यात सहाजण लागायचे, आणि ही माणसं तीच गाडी मुंबईच्या उन्हात, ट्रॅफिकमध्ये, एकट्यानं, दिवसाचे बारा-बारा तास चालवत होती! त्यांना कुणी पद्म पुरस्काराला सुचवलं असतं तर नावालाही शोभलं असतं.

आमची गाडी आम्ही विकली ती मात्र गाडी थकली म्हणून नव्हे. माणसं कमी पडायला लागली. १९९९ ला थोरल्याला सांगलीच्या वालचंद कॉलेजात इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. नानांना आनंद झाला, पुन्हा एकदा वालचंदांनी घराण्याची आठवण ठेवली म्हणून, पण दगड लावायला कुणी उरलं नाही. धाकटीला आता डाव्या खिडकीत बसून एसटी मोजायची लाज वाटायची. सासूबाईंचे गुडघे धरले, लांबचा प्रवास बंद झाला, आणि नाकाशिवाय घाट चढायची ह्यांची छाती होईना. धक्का मारणाऱ्या शेजाऱ्यांनीही एकेक करून स्वतःच्या स्कूटरी घेतल्या. नाना सोडले तर मी आणि हे दोघंच उरलो. दोन माणसांत फियाट म्हणजे अपुऱ्या खेळाडूंचा संघ.

कोरेगावकडचा एक तरुण मुलगा घ्यायला आला. गाडी त्याला पसंत होती, पैसेही रोख आणले होते. चहा झाला, फॉर्म निघाले. तेवढ्यात नाना म्हणाले, "सही नंतर. आधी गाडी समजून घ्या." मग दीड-दोन तास आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला गाडी समजावली. नानांनी धुराचे तीन रंग सांगितले. मी पंच्याचा तुकडा काढून पंपावर कसा बसवायचा, पिळायचा का नाही, ते करून दाखवलं. सुट्टीला आलेल्या थोरल्यानं दगड लावून "लागला!" असं ओरडून दाखवलं आणि वर हेही सांगितलं की दगड व्यवहारात नाही, तो घरीच राहील, तुम्ही तुमचा बघा. धाकटीनं काचेचा कोन दाखवला. सासूबाई आतून बाहेर येऊन म्हणाल्या, "आणि हे बघ बाळा, करपल्याचा वास आला तर आधी थांबायचं, मग विचार करायचा. भाजीचं उलटं असतं."

मुलगा सगळं मन लावून ऐकत होता. बोटांवर काहीतरी मोजत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "काका, गाडी झकास हाय. पण एवढी माणसं मी कुठनं आणू?"

नानांनी चष्मा वर केला, त्याच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "लग्न झालंय का तुमचं?"

"नाही अजून."

"मग सही उद्या करू," नाना म्हणाले. "आमच्या बघण्यात एक मुलगी आहे. नाक चांगलं आहे तिचं."